बाहेरचा कप्पा

“त्या कप्प्यात नको. बॅग आत ठेव,” आप्पा म्हणाले, आणि मी जिथं वाकले होते तिथून त्यांनी मला जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं.

पाटणच्या स्टँडबाहेर, उसाच्या गाड्याशेजारी आमची घरगाडी उभी होती. घरगाडी हे नाव आमच्या कऱ्हाडच्या कॉलनीतल्या लोकांनी ठेवलेलं. आप्पा, म्हणजे हिंदुराव निकम, आयटीआयमध्ये सुतारकामाचे निदेशक होते. रिटायर झाले त्याच वर्षी आई गेली. वर्षभर ते कुणाशी धड बोलले नाहीत. मग एका शाळेची जुनी टेंपो ट्रॅव्हलर विकत आणून त्यांनी दारात उभी केली आणि दोन वर्षं खपून तिचा कॅम्पर केला. आत दोघांपुरता पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, घडीचं टेबल, सगळं स्वतःच्या हातानं. बाहेरून डाव्या अंगाला, चाकाच्या वर, एक लांबट कप्पा होता. जॅक, स्टेपनी, पाइप, दोऱ्या असलं सामान ठेवायला. त्याच कप्प्याचं दार त्या दिवशी एका बाजूनं लोंबत होतं आणि कडीला तार गुंडाळून कसंबसं बंद केलं होतं.

मला नवल वाटलं ते तारेचं. एखादा स्क्रू अर्धा आटा सैल राहिला तर मुलांना तास संपल्यावर थांबवून ठेवणारा हा माणूस!

“आप्पा, हे काय? दार निखळलंय की.”

“करायचंय. वेळ झाला नाही,” ते म्हणाले. “आत ग्रीस सांडलंय, तुझी बॅग खराब होईल. चल, बस.”

मी आदल्या रात्रीपर्यंत पुण्यात होते. शाळेला दिवाळीची सुट्टी, नवरा त्याच्या आईला घेऊन बहिणीकडं गेलेला. सकाळी अचानक मनात आलं आणि स्वारगेटहून एसटीत बसून मी आप्पांना फोन केला, “कुठं आहात? तुम्ही कोकणात निघालाय म्हणाला होतात ना, मी पण येते.” पलीकडं इतका वेळ काहीच आवाज आला नाही, की मला वाटलं रेंज गेली. मग ते म्हणाले, “मी कोयनेत आहे. तू तिथवर येऊ नकोस. पाटणला उतर. मी मागं येतो तुला न्यायला.”

बापाला माझी किती काळजी, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

पाटण सोडलं तशी हवा गार झाली. मी बडबडत होते; शाळेचं, नवऱ्याचं, भाडेकरूचं. आप्पा हूं हूं करत होते. गाडी मात्र आतून लखलखत होती. पलंगावरच्या चादरीला एक सुरकुती नव्हती, ओट्यावर एक कप नव्हता. आई असताना आप्पांनी कधी स्वतःचं ताट उचललेलं मला आठवत नाही. मी म्हटलंसुद्धा, “फार नीटनेटके झालात हो आप्पा!” ते कसनुसे हसले.

कोयनानगरचा स्टँड आला. तिथं आप्पांनी गाडीचा वेग वाढवला आणि मान उजवीकडं, पार डोंगराकडं वळवली. स्टँड डावीकडं होता. सिमेंटच्या बाकड्यावर दोनचार माणसं बसली होती. मी सहज बघितलं आणि विसरले.

कुंभार्ली घाट लागला आणि खडखड सुरू झाली. प्रत्येक वळणाला दार आपटायचं. “थांबवा की, बांधू तरी नीट,” मी दोनदा म्हणाले. “खाली उतरल्यावर बघू,” आप्पा म्हणाले. तिसऱ्या वळणाला मोठा आवाज झाला, मग नुसताच पत्रा घासत गेल्यासारखा. मागून एक मोटारसायकल हॉर्न वाजवत वाजवत आमच्या खिडकीशी आली.

“ओ काका! थांबा! तुमचं सामान सगळं सांडलंय मागं!”

आप्पांनी गाडी कठड्याला लावली. ते उतरायच्या आधी मी उतरले. “वैजू, तू थांब, तू थांब, मी आणतो,” असं ते ओरडत होते, पण त्यांचा गुडघा दुखरा, आणि मी तोवर वळणापर्यंत पोचले होते.

एक सुती बोचकं रस्त्यात फुटून पडलं होतं. हिरवी इरकल साडी, अजून ओलसर. परकर. एक कंगवा. तळव्याला मऊ असतात तसल्या डॉक्टरी चपला, त्यातली एकच. चष्म्याची डबी. आणि आठवड्याच्या वारांचे खण असलेला गोळ्यांचा प्लास्टिकचा डबा. परकर कठड्यापलीकडच्या करवंदीच्या जाळीत अडकला होता आणि वाऱ्यानं फडफडत होता. वरून आलेल्या ट्रकनं वेग कमी केला. क्लीनर बाहेर वाकून हसत ओरडला, “मॅडम, धुणं वाळत घातलंय काय?”

मी परकर ओढून काढला, तो थोडा फाटला. मोटारसायकलवाला चांगला माणूस होता. त्यानं खाली गटारात उतरून दुसरी चप्पल शोधून आणली.

“घ्या ताई, तुमची.”

“माझी...” मी म्हणाले, आणि ती घेतली.

गाडीपाशी आले तर आप्पा माझ्याकडं पाठ करून, कठड्याला धरून दरीकडं बघत उभे होते. उंचापुरा माणूस, पण खांदे असे आत ओढलेले, जणू मागून कुणी मारणार आहे.

“हे कुणाचं आहे, आप्पा?”

ते वळले नाहीत. म्हणाले, “तुझ्या आईचं.”

मी हातातल्या डबीकडं बघितलं. उघडली. आत जाड काचांचा चष्मा होता.

“आईला चष्मा नव्हता,” मी म्हणाले.

मी डबी मिटली. एखाद्यानं चारचौघांत धोतर सोडावं आणि आपण नेमके समोर असावं, तसं झालं होतं. आईच्या तेराव्यानंतर तिच्या साड्या आम्ही दोघांनीच वाटून टाकल्या होत्या. मेलेल्या बाईचं नाव असं पुढं केलेलं ऐकून मला राग यायला हवा होता. राग आलाच नाही. मला त्यांचीच इतकी लाज वाटली की मी त्यांच्या पाठीकडंसुद्धा बघू शकेना. ओली साडी हातात घेऊन मी रस्त्याकडं बघत उभी राहिले.

मग ते म्हणाले, “दार बसवलं पाहिजे. असं पुढं जाता येणार नाही.”

त्यांनी हत्यारांची पेटी काढली. दाराची वरची बिजागरी साफ उखडली होती. खालच्या एका बिजागरीवर दार उलटं पडून रस्त्याला घासत आलं होतं, पत्र्याचा कोपरा दुमडला होता. आतलं प्लायवूड पाणी पिऊन फुगलेलं, स्क्रूची भोकं बोट जाईल एवढी झालेली. आप्पांनी बोटानं ती चाचपली.

“दार धर,” ते म्हणाले. “वर. अजून. हां.”

मी दार धरून उभी राहिले. ते खाली बसले. पेटीतला सागाचा एक तुकडा घेऊन चाकूनं त्याच्या खुंट्या तासायला लागले. भोकात बसतील अशा, एका टोकाला निमुळत्या. त्यांचा हात सराईत होता, पण त्या दिवशी खुंटी दोनदा हातातून निसटली. गोंद लावून त्यांनी खुंट्या हातोडीनं हळूहळू आत ठोकल्या. गोंद सुकेपर्यंत थांबायचं होतं. तेव्हा, माझ्याकडं न बघता, ते बोलले.

“मालन तिचं नाव. मालन सिस्टर. सरकारी दवाखान्यात नर्स होती. तुझ्या आईच्या शेवटच्या महिन्यात घरी इंजेक्शन द्यायला यायची.”

मला अंधुक आठवली. काळीसावळी, उंच बाई, आईला कुशीवर वळवताना अगदी हलक्या हातानं वळवायची.

“तेव्हा काही नव्हतं,” आप्पा घाईनं म्हणाले. “तुझ्या आईची शपथ. दोन वर्षं झाली असतील. या गाडीचे पडदे तिनं शिवले.”

“मग?”

“मग काय?”

“मग मला का नाही सांगितलं?”

त्यांनी खुंटीचं वर आलेलं टोक करवतीच्या पात्यानं कापलं, अंगठ्यानं सपाट झालंय का बघितलं.

“नानाच्या लग्नाला मी गेलो नव्हतो,” ते म्हणाले.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा आप्पांनी भर बैठकीत, सगळ्या भावकीसमोर, त्याला म्हातारचळ म्हटलं होतं. नव्या काकूच्या घराची पायरी चढणार नाही म्हणाले होते, आणि चढले नव्हते. कॉलनीतही तसंच. कुणाच्या मुलीनं पळून लग्न केलं, कुणाच्या सुनेनं काय केलं, सगळे निवाडा करायला निकम सरांकडं यायचे, आणि निकम सर तो करायचे.

“सगळ्यांना एवढं बोलून बसलोय,” आप्पा म्हणाले. “आता कुठल्या तोंडानं?”

हातड्रिलनं त्यांनी नवी भोकं पाडायला घेतली. फार जपून. प्रत्येक भोकापूर्वी पेन्सिलीची खूण, मग खिळ्यानं टोचा, मग ड्रिल. एरवी पाव तासात उरकणारं काम. मला हळूहळू कळत होतं की त्यांना ते संपवायचंच नाहीय.

“ती आत्ता कुठं आहे?” मी विचारलं.

“कऱ्हाडला गेली असेल.”

“असेल म्हणजे?”

ड्रिल थांबलं.

“काल आम्ही कोयनेला मुक्कामाला होतो. तिनं समुद्र बघितलेला नाही. ड्यूटी, मग तिच्या आईची आजारपणं, राहूनच गेलं. तिला गुहागरला नेणार होतो. तुझा फोन आला तेव्हा ती स्टँडकडं भाजी बघायला गेली होती. मी सगळं आवरलं, तिचं होतं ते गुंडाळून इथं टाकलं. मग जाऊन तिला सांगितलं की वैजू येतेय, तू कऱ्हाडच्या गाडीनं जा, सामान मी नंतर आणून देतो.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. बरं म्हणाली.”

“आप्पा, कोयनेच्या स्टँडवरून आपण आलो.”

त्यांनी ड्रिलचं टोक पुसलं.

“ती तिथं बसली होती? आपण जात होतो तेव्हा?”

“हो,” आप्पा म्हणाले.

मी दार सोडून दिलं असतं, पण अजून एकच स्क्रू लागला होता. दाराचा सगळा भार माझ्या हातांवर होता. मला आठवत होता तो सिमेंटचा बाक आणि मान वळवून डोंगर बघणारे आप्पा.

“गोळ्या कशाच्या आहेत?”

“प्रेशरच्या. साखरेच्या.”

मी दार खांद्यावर पेललं आणि डबा उघडून बघितला. त्या दिवशीच्या वाराचा खण भरलेला होता.

“गाडी वळवा.”

“वैजू, तिच्या घरी दुसऱ्या असतील. संध्याकाळपर्यंत ती पोचेलच...”

“वळवा.”

“आधी दार...” ते म्हणाले, आणि माझ्याकडं बघून उरलेले स्क्रू भराभर पिळले. खटक्याची पट्टी जरा सरकवली, मागं जुन्या ट्यूबच्या रबराचा तुकडा ठोकला. दार मिटलं, बसलं. ते बोचकं उचलून परत कप्प्यात ठेवायला निघाले. सवयीनं, विचार न करता. मग त्यांच्या लक्षात आलं. ते थांबले आणि त्यांचा चेहरा असा काही झाला की मीच पुढं होऊन त्यांच्या हातून ते घेतलं आणि पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसले.

ती तिथंच होती.

त्याच बाकावर, ताठ बसलेली, मांडीवर पर्स. पांढरे झालेले केस चापून बांधलेले. गाडी थांबली तशी तिनं बघितलं, पण उठली नाही. आप्पा स्टिअरिंगला धरून बसून राहिले, म्हणून मीच आधी उतरले.

“तू वैजू,” ती म्हणाली. “फोटोत बघितलीय. तिथं बारीक दिसतेस.”

“मावशी, तुमच्या गोळ्या राहिल्या होत्या.”

“व्हय. मगाशी ध्यानात आलं.” तिनं बोचकं घेतलं, डबा काढला, पर्समधल्या बाटलीतल्या पाण्यानं दोन गोळ्या गिळल्या. मग साडीकडं बघितलं. तिच्यावर डांबराचा आणि ग्रीसचा पट्टा उमटला होता. तिनं तो नाकाशी नेला.

“कुठं ठेवलं होतं हे?”

मी मागं बघितलं. आप्पा तोवर माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

“जॅकच्या कप्प्यात?” तिनं त्यांना विचारलं.

“घाईत... मालन, तसं नव्हतं गं...”

“दार नीट करा म्हणून महिनाभर सांगतीय मी,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “कऱ्हाडच्या दोन गाड्या गेल्या. म्हटलं, हा माणूस आता मागं येईल, मग येईल. तुमची गाडी समोरनं गेली तवा हातबी वर केला मी. येड्यासारखा.”

आप्पा खाली बघत होते. माझ्या ओठांवर आलं होतं, मावशी, चला आमच्याबरोबर, गुहागरला जाऊ. मी ते म्हणणारच होते.

“सर! निकम सर!”

खाकी कपड्यातला, चाळिशीचा एक माणूस धावतच आला आणि आप्पांच्या पाया पडला. तो तिथला वाहतूक नियंत्रक होता, आयटीआयचा जुना विद्यार्थी. सर ओळखलंत का, सर तुमची तब्येत, सर तुमच्या हातचा मार खाल्ला म्हणून आज नोकरीत आहे. सगळं एका दमात. मग त्यानं माझ्याकडं बघून विचारलं, “ताई का? आणि या... ताईंच्या सासूबाई का, सर?”

बाकावरची मालन मावशी आप्पांकडं बघत होती. मी आप्पांकडं बघत होते. तो माणूस हसऱ्या तोंडानं उत्तराची वाट बघत होता. वाक्य फार लांब नव्हतं. दोन शब्दांतही झालं असतं.

“हो,” आप्पा म्हणाले. “पाहुण्या आहेत.”

मी काही बोलले नाही. बोलले असते तर माझा बाप त्याच्या विद्यार्थ्यासमोर खोटा पडला असता. तेवढाच विचार डोक्यात आला. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. खोटं नाही ते.

मालन मावशी उठली. बोचक्याला गाठ मारली.

“साहेब,” तिनं त्या नियंत्रकाला विचारलं, “समुद्राकडं कुठली गाडी जाती?”

“कुठला समुद्र मावशी? ही काय, गुहागर उभी आहे. पण तुमची तर...”

“तीच.”

ती चालत गेली आणि लाल गाडीत चढली. आप्पा दोन पावलं तिच्या मागं गेले. “मालन,” ते म्हणाले, पण इतक्या हळू की बहुतेक मलाच ऐकू आलं. ती खिडकीशी बसली, काच सरकवली.

“तुम्ही दाखवणार होता, म्हणून थांबले होते,” ती आप्पांना म्हणाली. “वाट काय, एसटीलाबी ठाऊक आहे.”

घाट आम्ही एसटीच्या मागं उतरलो. आप्पा तिला ओव्हरटेक करत नव्हते आणि मागंही पडत नव्हते. वाटेत दोन ठिकाणी गाडी थांबली, तिथं तेही थांबले. चिपळूणला गाडी चहासाठी उभी राहिली तेव्हा ते उतरून तिच्या खिडकीखाली जाऊन उभे राहिले. तिनं काच ओढून घेतली. ते परत आले, बसले.

गुहागरला उतरून तिनं एका बाईला वाट विचारली आणि बोचकं काखेत मारून चालत निघाली. मी तिच्या मागं गेले. आप्पा सुरूच्या झाडांपाशी थांबले. तिथं पर्यटकांची बरीच गर्दी होती, त्यात कऱ्हाड-साताऱ्याकडची माणसं असणारच, हे त्यांच्या मनात आलं होतं. मला ते त्यांच्या उभं राहण्यावरून कळलं.

मावशी ओल्या वाळूशी उभी होती. लाट आली की एक पाऊल मागं यायची.

“केवढा आवाज गं ह्याचा,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं नुसतंच निळं असंल.”

“मावशी, मला खरंच काही माहीत नव्हतं. मी फोन केला नसता...”

“तू बापाला फोन केलास. त्यात काय?” मग म्हणाली, “मला नवरा होता. लग्नानंतर चार वर्षांनी त्यानं मला माहेरी सोडलं आणि न्यायला आला न्हाई. गावानं मला इचारलं, तू काय केलंस? त्याला कुणी इचारलं न्हाई. तवाच मी ठरवलं, आता आपण कशाची लाज धरायची न्हाई. आता तुझ्या आप्पांच्यात... लाज वाटायची तर मला वाटायला पायजे, मी बाईमाणूस. मला वाटली न्हाई. सगळी त्यांनीच घेतली.”

लाट तिच्या घोट्यापर्यंत आली. या वेळी ती मागं सरकली नाही.

“त्यांना सांग, संध्याकाळच्या गाडीनं जाते मी. मागं येऊ नका म्हणावं. दिवसभर लोक बघाय लागलेत त्यांच्या गाडीकडं.”

मी जाऊन सांगितलं. आप्पांनी ऐकून घेतलं आणि गाडीच्या पायरीवर बसले. ते रडत होते. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं, आईच्या वेळीसुद्धा नाही. मी जवळ बसले नाही. आता वाटतं बसायला हवं होतं. त्या दिवशी मला जमलं नाही.

पुढचे दोन आठवडे मावशीनं त्यांचा फोन घेतला नाही. आप्पा मला रोज फोन करायचे आणि तिच्याबद्दल काहीच बोलायचे नाहीत. जेवलीस का, थंडी पडली का, एवढंच. शेवटी एका शनिवारी मी कऱ्हाडला गेले आणि म्हणाले, “चला, तिच्या घरी जाऊ.”

“आत्ता? अंधार पडू दे की.”

“आत्ता.”

ती कऱ्हाडला लागूनच असलेल्या मलकापुरात, पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत राहायची. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यासमोर रस्ता. आप्पा गल्लीच्या तोंडाशी अडखळले. नेहमी ते मागच्या बोळानं जायचे, हे मला तेव्हा कळलं. मी पुढून चालत राहिले, म्हणून तेही आले.

मावशीनं दार उघडलं, आम्हा दोघांकडं बघितलं. “वैजू, ये आत,” ती म्हणाली. आप्पांना काही म्हणाली नाही. ते चपला काढून ओट्यावरच बसले.

आत तिनं चहा टाकला. दोन कप मांडले. दार उघडंच होतं आणि ओट्यावरचं सगळं ऐकू येत होतं. शेजारची बाई पाणी भरून जाताना थांबली.

“निकम सर ना तुम्ही? कुणाकडं?”

“इथं... जरा काम होतं,” आप्पा म्हणाले.

मावशीनं चहा गाळला. एक कप माझ्या हातात दिला, एक स्वतः घेतला आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मग एक स्कूटर थांबली. आवाजावरून मी ओळखलं, मोहिते सर, आप्पांच्याच आयटीआयमधले, वेल्डिंगचे. त्यांची जीभ सगळ्या कऱ्हाडाला माहीत होती.

“अरे, निकम सर! इथं कुठं, दुसऱ्याच्या ओट्यावर?”

आप्पा उठून उभे राहिलेले मला दारातून दिसले. त्यांनी शर्ट खाली ओढला. एक हात भिंतीला होता.

“मालनकडं आलोय,” ते म्हणाले.

“कोण मालन? त्या नर्सबाई?”

“हो.”

“का? तब्येत बरी नाही का?”

“बरी आहे,” आप्पा म्हणाले. आवाज फाटत होता, पण त्यांनी तो खाली येऊ दिला नाही. “दोन वर्षं येतोय मी तिच्याकडं. मागच्या बोळानं यायचो. आज पुढून आलोय.”

मोहिते सरांनी किक मारली. स्कूटर चालू झाली आणि गेली. पलीकडच्या घराच्या खिडकीचा पडदा हलला. आप्पा तसेच उभे होते. मान लालबुंद झाली होती, अगदी कानापर्यंत.

मावशीनं कप खाली ठेवला. दारात गेली, चौकटीला टेकली आणि त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता आत बोलावेल.

“बसा तिथंच,” ती म्हणाली. “आत्ता शाळा सुटंल. पोरं, पोरांच्या आया, सगळी इथनंच जातात. ती गेल्यावर या आत.”

आप्पा ओट्यावर बसले.